डोळ्याचा घाट

डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देण्याची आपल्याला सवय आहे. परंतु कॅमेऱ्याचे भिंग एकदा घासून तयार झाले की त्याचा आकार कायम राहतो. डोळ्याची भिंगे जिवंत आहेत. ती वाढत्या वयाबरोबर घडतात आणि क्वचित बिघडतातही.

अशी भिंगे प्रत्येक डोळ्यात दोन. एक दर्शनी भागातील पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल; दुसरे बाहुलीमागचे नेत्रभिंग. प्रकाशकिरण वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम स्वच्छमंडल करते, आणि मध्यभागी त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर!

काहींचे स्वच्छमंडल जन्मतःच चपटे असते. परंतु याहून अधिक आढळणारा दोष वयात येताना डोके वर काढतो. स्वच्छमंडल मध्याजवळ पातळ होते, पुढे झुकते आणि शंकूचा आकार घेते. मग दिव्यांना फाटे फुटतात, अक्षरांना सावल्या येतात. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो आणि नवा चष्माही समाधान देत नाही. कारण वेडावाकडा उंचवटा चष्म्याच्या काचेने पुरता सुधारत नाही. घरची मंडळी मात्र म्हणतात, ‘पोरगा अभ्यास टाळतो!’

इंग्लंडातील नॉटिंगहॅम या वैद्यांनी १८५४ मध्ये या विकारावर ग्रंथ लिहिला. १८८८ मध्ये फिक यांनी डोळ्यावरच बसणाऱ्या काचेच्या भिंगांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी दृष्टी सुधारण्याची वाट दाखविली, पण शंकू वाढतच राही. २००३ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनच्या वैद्यांनी नवा उपाय मांडला. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून जंबुपार किरण सोडले की स्वच्छमंडलातील तंतू एकमेकांशी घट्ट जोडले जातात. त्यामुळे बहुतेकांचा बिघाड थांबतो. गेलेला आकार मात्र पुरता परत येत नाही. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे.

नेत्रभिंगही क्वचित पुढे शंकूसारखे येते. तेव्हा वैद्य मूत्रपिंडे आणि कानही तपासतात. आल्पोर्टच्या आनुवंशिक विकारात एकाच जातीचे प्रथिन सदोष असते, आणि भिंगाचे वेष्टन, मूत्रपिंडातील गाळणी व अंतर्कर्ण या तिन्ही ठिकाणी त्याची गरज असते.

तेव्हा आपण एवढे करू या. मूल सतत डोळे चोळत असेल, तर ती सवय मोडू आणि खाजेवर उपचार करू; चोळण्याने हा दोष वाढतो. आणि नंबर वारंवार बदलत असेल, तर नव्या चष्म्यावर न थांबता स्वच्छमंडलाचा आकार मोजून घेऊ. ही तपासणी थोड्या मिनिटांची असते व तिने मुळीच दुखत नाही.