पोर्ट ब्लेअरला निघण्याआधी

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून कुणी अंदमानला निघालं की शेजारपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात: पासपोर्ट काढला का, आणि तिथं जेलशिवाय बघायला आहे तरी काय? बुऱ्हाणपूर हे तापीकाठचं शहर, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे पोर्ट ब्लेअर या बेटावरच्या राजधानीबद्दल आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त फिरते. या ऐकीव माहितीपायी सहलीचे पैसे आणि दिवस वाया जातात. एका बाबतीत तर तिथल्या माणसांनाच त्याचा त्रास होतो, म्हणून हे लिहितो आहे.

पासपोर्टचं आधी उरकून टाकू. अंदमान-निकोबार हा भारताचाच केंद्रशासित प्रदेश आहे. भारतीय नागरिकाला राजधानीत जायला पासपोर्ट, व्हिसा किंवा परवाना यांतलं काहीच लागत नाही, ओळखपत्र पुरतं. निकोबार बेटांचं मात्र वेगळं आहे. तिथं आदिवासी क्षेत्राचा पास लागतो आणि नुसतं फिरायला जायचं म्हणून तो मिळत नाही. नावांचा घोळही आताच मिटवून घ्या. केंद्र सरकारने 13 सप्टेंबर 2024 रोजी पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम केल्याचं जाहीर केलं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे बदल 2018 चे. बोलण्यात जुनी नावं अजून सर्रास येतात, तेव्हा तिकीट काढताना दोन्ही ठाऊक असलेली बरी.

'आपलंच घड्याळ, मग वेळेचा काय प्रश्न?' असं वाटणारे लोक तिथं सगळ्यात जास्त फसतात. प्रमाणवेळ एकच आहे, पण सूर्य काही तिच्याप्रमाणे चालत नाही. ही वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. बुऱ्हाणपूर 76 अंशांच्या जरा पुढे, तर पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली की दोन्हीकडच्या सूर्यात तासाभराहून जास्त फरक पडतो. डिसेंबरात तिथं संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्या सवयीने आरामात नाश्ता करून अकराला हॉटेलबाहेर पडलात, तर निम्मा उजेड संपलेला असतो. पहाटे पाचला उठायची तयारी ठेवा, दुपारी जेवून आडवे व्हा आणि चारच्या आत किनारा गाठा.

किनाऱ्याबद्दलही एक मोठी गल्लत होते. जाहिरातीत दिसणारी पांढरी वाळू विमानतळाबाहेर नसते. राधानगर किनारा स्वराज द्वीपावर आहे आणि तिथं जायला राजधानीतून बोटीने दीड ते अडीच तास लागतात. खुद्द शहर टेकड्यांवर चढत-उतरत वसलेलं आहे. सरकारी कचेऱ्या, बंदर, गजबजलेला अबर्डीन बाजार, चॅथम बेटावरची 1883 ची लाकूड कापण्याची गिरणी, असा त्याचा चेहरा. शहराजवळचा किनारा म्हणजे कॉर्बिन्स कोव्ह. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांनी माणसं मारली आहेत. 'इथं पोहू नका' अशी पाटी दिसली तर ती अक्षरशः पाळा. वाळूतलं प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते जवळ बाळगणं गुन्हा आहे आणि परतताना सामानाची तपासणी होते.

'चहूकडे समुद्र म्हणजे गारवा असणार' हाही भ्रमच. तिथं आपल्या मेसारखी होरपळ नसते, पण दमट हवेने अंग दिवसभर चिकट राहतं. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. दिवाळीच्या आसपास चक्रीवादळांचं भय असतं. जानेवारी ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. एवढा पाऊस पडूनही शहराला पाण्याची टंचाई आहे. मुख्य भिस्त धनीखारी धरणावर, आणि ते पावसावरच भरतं. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. कुंडी भंडारा या जुन्या पाणीव्यवस्थेच्या आपल्या गावच्या माणसाला पाण्याचं मोल सांगायला नको. हॉटेलात बादलीने अंघोळ करा.

आता जेलबद्दल. मराठी माणूस अंदमानला जातो तो मुख्यतः सेल्युलर जेलसाठी, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच वास्तूभोवती आहेत. 1857 चे बंडवाले या जेलमध्ये होते, असं अनेकांना वाटतं. त्यांची पहिली तुकडी 10 मार्च 1858 रोजी तिथं उतरली तेव्हा ही इमारत नव्हतीच. त्यांच्या वाट्याला जंगलतोड, ताप आणि साखळदंड आले. जेलचं बांधकाम 1896 मध्ये सुरू होऊन 1906 मध्ये पुरं झालं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. वासुदेव बळवंत फडके अंदमानात होते, ही आणखी एक पक्की समजूत. फडक्यांना एडनला नेलं होतं, तिथंच 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचं निधन झालं. टिळकही अंदमानात नव्हते, ते 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. स्वातंत्र्यवीर सावरकर मात्र 4 जुलै 1911 रोजी अंदमानात आले. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून तिथं होते, पण दोघा भावांना एकमेकांची गाठ कितीतरी काळ पडू दिली नाही. दोघांना मुख्य भूमीवर परत आणलं ते मे 1921 मध्ये.

मूळच्या सात इमल्यांपैकी आज तीनच उभे आहेत. आवारात 1963 पासून सरकारी रुग्णालय चालतं. उरलेल्या भागात घाई न करता फिरा. प्रत्येक इमल्याचं तोंड पुढच्या इमल्याच्या पाठीकडे आहे, म्हणजे एका कोठडीतल्याला दुसऱ्या कोठडीतल्याचा चेहरा दिसू नये. कोठडीच्या दाराची कडी पाहा: ती दारालगत नाही, भिंतीत लांबवर खोबणी करून बसवली आहे, गजांतून हात काढला तरी तिथवर पोचत नाही. मग कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, पाहा. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढून घ्यायचं, असा तिथला हिशेब होता. संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. तिथं बंगाल आणि पंजाबची नावं किती आहेत हेही वाचा, कारण आपण आपल्याच नावांशी थांबतो.

जपानी आले आणि बेटं सुखी झाली, ही समजूतही खरी नाही. 1942 ते 1945 हा जपानी अमल तिथल्या लोकांसाठी फार क्रूर ठरला. 30 जानेवारी 1944 रोजी होम्फ्रेगंजला 44 जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. त्याच्या महिनाभर आधी, 30 डिसेंबर 1943 रोजी, नेताजींनी याच शहरात तिरंगा फडकवला होता. या दोन्ही घटना एकाच बेटाच्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

भाषेची चिंता करू नका, हिंदी सगळीकडे चालते. वस्तीत फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे लोक आणि जुन्या कैद्यांचे वंशज, असे सगळे आहेत. फोनही लागतो. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 पासून सुरू आहे. जहाजाने जायचं मनात असेल तर ते चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणहून सुटतं, मुंबईहून नाही. साधारण तीन दिवस लागतात आणि तारखा मागेपुढे होतात.

शेवटचा गैरसमज सगळ्यात वाईट: 'बाराटांगच्या वाटेवर जारवा बघायला मिळतात.' जारवा ही तिथली आदिवासी माणसं आहेत, कुणी बघायला यावं म्हणून तिथं राहत नाहीत. त्यांची संख्या काहीशेच आहे. बाहेरच्या आजारांशी त्यांची जुनी ओळख नाही, 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. त्यांच्या राखीव जंगलातून जाणारा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला होता. तरी पर्यटकांच्या गाड्या पोलिसांच्या ताफ्यासोबत जातच राहिल्या. त्या रस्त्यावर थांबणं, खाऊ देणं आणि फोटो काढणं कायद्याने मना आहे. माझी विनंती त्याही पुढची आहे. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांसाठी लोक या रस्त्याने जातात, पण तशा गुहा इतरत्रही पाहता येतात. एजंटने सहलीच्या यादीत जारवांचं नाव घातलं असेल, तर तो दिवस रद्द करा आणि त्याला कारणही सांगा.