जुन्या मोजणीत भर घालण्याचा दर

जमिनीचा नकाशा होऊन तीन-चार वर्षे लोटली की मधल्या काळात तिथे विहीर झालेली असते, कुंपण सरकलेले असते, शेजाऱ्याची शेड उभी राहिलेली असते. आर्किटेक्टला आजची स्थिती हवी असते, म्हणून मालक जुन्याच सर्व्हेअरला गाठून म्हणतो, "मागच्या नकाशात एवढे दोन बदल टाका." मूळ बिलाच्या दहाव्या हिश्श्यात हे व्हावे, अशी त्याची अपेक्षा असते. पण या कामाचा दर बदल किती झाले यावर थोडाच ठरतो. मागच्या कामातले जमिनीवर आणि फाइलीत काय शिल्लक आहे, यावर तो जास्त ठरतो.

नकाशा कशासाठी हवा, हे आधी विचारावे लागते. प्रश्न हद्दीचा असेल तर महाराष्ट्रात ते काम भूमी अभिलेख खात्याचे. तिथे जुन्या मोजणीत भर घालण्याचा वेगळा दर नसतो; नवा अर्ज, नवी फी, मोजणी नकाशाची नवी 'क' प्रत. मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणीचा अर्ज करावा लागतो आणि त्याचीही फी भरावी लागते. खाजगी सर्व्हेअरच्या नकाशात जागेवरच्या वस्तू आणि जमिनीचे चढउतार असतात. मालकीची हद्द ठरवण्याचा अधिकार त्या नकाशाला नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

मग फाइल उघडायची. मूळ बिंदूंची यादी, त्यांचे सहनिर्देशांक आणि पातळ्या, रेखाचित्राची मूळ प्रत हाती असेल तर निम्मी लढाई जिंकली. फक्त कागदावरची छापील प्रत उरली असेल, तर ती संदर्भापुरतीच कामाची. जुन्या कामात अनेकदा उत्तर दिशा होकायंत्रावरून धरलेली असते आणि पातळी एखाद्या ओट्याला १०० मीटर मानून काढलेली असते. तो ओटाच पाडला गेला असेल तर समतलरेषांना आधार उरत नाही.

खरा निकाल जागेवर लागतो. मागच्या वेळी मोजणीच्या आधारासाठी रोवलेले बिंदू, म्हणजे कंट्रोल पॉइंट, शोधावे लागतात. काँक्रीटमध्ये बसवलेला खिळा सहसा सापडतो. शेतातली लाकडी खुंटी नांगरणीत जाते. काळ्या जमिनीत तर खुंटी सापडूनही भागत नाही, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंटीला जागची हलवते. म्हणून एका बिंदूवर टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र लावून दुसऱ्याला नेम धरायचा आणि तिसरा मोजून पाहायचा. अंतर आणि पातळी जुन्या आकड्यांशी जुळली, तरच नवी मोजमापे जुन्या नकाशात बसवता येतात. दोनच बिंदू सापडले तर त्यांच्यातले अंतर तपासता येते, पण दोघांपैकी कोण हलला ते कळत नाही. हे तपासणीचे काम मालकाला दिसत नाही. नकाशावर त्याची एक रेघही उमटत नाही. तरीही दरात त्याचा वाटा मोठा असतो आणि तो असलाच पाहिजे.

समजा, पाच एकरांच्या मूळ कामाला दोन दिवस जागेवर आणि दोन दिवस टेबलावर लागले होते. आता बदल अर्ध्या एकरातलाच आहे. तरी बिंदू शोधून तपासण्यात अर्धा दिवस, नव्या मोजमापांत अर्धा दिवस आणि रेखाचित्रात एक दिवस जातो. क्षेत्र दहा टक्के, वेळ मात्र निम्मा. गाडीभाडे, उपकरण आणि प्रिझम धरणाऱ्या मदतनिसाची मजुरी यांत क्षेत्रामुळे फारसा फरक पडत नाही. बिंदू जुळलेच नाहीत तर काम पूर्ण नवे होते आणि दरही नव्याचाच.

जुना नकाशा दुसऱ्या सर्व्हेअरचा असेल तर सवलतीला फारशी जागा उरत नाही. सही करणारा आजच्या तारखेला संपूर्ण नकाशाची जबाबदारी घेतो, त्यामुळे न बदललेला भागही त्याला ठिकठिकाणी मोजून पाहावा लागतो.

म्हणून कोटेशन दोन टप्प्यांत देणे रास्त. तपासणीचा दर ठरावीक. पुढच्या कामाचे दोन दर, बिंदू जुळल्यास एक आणि न जुळल्यास दुसरा. सोबत कोणता भाग नव्याने मोजला, कोणता जुन्या नकाशातून घेतला आणि तपासणी कोणत्या तारखेची, हे नकाशावरच लिहून देण्याची अट असावी.