नानांचं विमान

आमच्या घरात कोणी पदरची तिखटमीठ लावलेली गोष्ट सांगू लागला, की बाकीचे एकमेकांकडे बघून म्हणत, ‘‘आलं बघा नानांचं विमान!’’ नाना म्हणजे माझे आजोबा. १९४८ सालच्या पावसाळ्यात त्यांनी रात्रीच्या आभाळात विमान ऐकलं आणि त्या ऐकण्यापायी माझ्या थोरल्या काकांना दोन महिने तुरुंगात काढावे लागले. पुढे सगळं निवळलं, काका सुखरूप घरी आले. पण विमानाची थट्टा मात्र तीन पिढ्या चालली. नाना ती मुकाट ऐकून घेत आणि अडकित्त्याने सुपारी कातरत बसत.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरावर, मांजरसुंब्यापासून पायी दोन तासांवर. त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कागदांत बीडला ‘भीर’ म्हणत आणि अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ होती. देश १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, पण आमच्याकडे झेंडा लावला तर शिपाई दारात येत. काका त्या वेळी वीस वर्षांचे. स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या तळात सामील व्हायला ते जामखेडच्या बाजूला निघून गेले होते. त्यामुळे घरावर पाळत होती.

माझे वडील, अण्णा, तेव्हा अकरा वर्षांचे. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, म्हणून सगळे माळवदावर झोपले होते. मध्यरात्र उलटल्यावर वायव्येकडून घरघर आली. बैलगाडीची नव्हे, मोटारीची नव्हे. आणि मोटार तरी गावाने कितीदा ऐकली होती! नानांनी पहिल्यांदा कंदील विझवला. आजी म्हणाली, ‘‘आपलं आसंल का त्यांचं?’’ नाना बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. आवाज डोक्यावरून गेला आणि आग्नेयेला विरला. मग ते म्हणाले, ‘‘आपलंच. हिंदुस्थान सरकारचं. आता चार दिवसांचा खेळ राहिला.’’

शेजारच्या माळवदावर अत्तारचाचाही उठून बसले होते. त्यांनी विचारलं, ‘‘नाना, जहाज होतं का हो?’’ नाना हो म्हणाले. चाचा पुन्हा आडवे झाले नाहीत, असं अण्णा सांगतात. एकाच आवाजाने एका घरात उमेद आली आणि दुसऱ्या घरातली झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी एका गुराख्याबरोबर काकांना निरोप धाडला : विमानं आली, आता भ्यायचं कारण नाही, आई आजारी आहे, एकदा भेटून जा. काका आले आणि वेशीतच धरले गेले. हिंदुस्थान सरकारचं विमान त्यानंतर चार दिवसांत आलं नाही, चार आठवड्यांतही नाही. गावात हसू झालं. म्हाताऱ्याला भुंग्याचा आवाज विमानासारखा वाटला, असं लोक म्हणू लागले. नानांनाही हळूहळू तसंच वाटू लागलं असावं.

मला यातलं खरं काय ते कळायला बरीच वर्षं लागली. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाबद्दल वाचताना सिडनी कॉटन हे नाव समोर आलं आणि मी खुर्चीतून उठलोच. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक म्हणजे वल्ली होता. पहिल्या महायुद्धात इंजिनाचं काम करताना घातलेल्या तेलकट कपड्यांतच तो उडाला. वर बाकीचे वैमानिक गारठले, याला थंडी वाजली नाही. त्यावरून त्याने वैमानिकांसाठी ‘सिडकॉट’ नावाचा अंगरखा तयार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९मध्ये, व्यापारी असल्याचं सोंग घेऊन तो जर्मनीवरून उडत असे. विमानात कॅमेरे दडवलेले असत आणि छायाचित्रं ब्रिटिश हेरखात्याकडे जात.

युद्ध संपल्यावर असा माणूस स्वस्थ कसा बसणार? हैदराबादेत तो आला तो भुईमुगाच्या शेंगांच्या व्यवहारासाठी. आमच्या मातीतल्या शेंगांनी हा पाहुणा आणला, याचं मला अजून हसू येतं. संस्थानचा भारताशी नोव्हेंबर १९४७मध्ये एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला होता, पण दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. भारताने नाकेबंदी आवळली. संस्थानच्या फौजेला शस्त्रं हवी होती आणि संस्थानला समुद्र नव्हता. उरलं आभाळ. पंतप्रधान मीर लायक अली यांच्याशी कॉटनचा सौदा जमला आणि १९४८च्या उन्हाळ्याअखेर त्याची मालवाहतूक सुरू झाली. कराचीहून विमान उडायचं आणि रात्री बीदरला किंवा वरंगळला उतरायचं. पोटात बंदुका, दारूगोळा आणि औषधंही. वेळापत्रक नाही, पावती नाही, जाहिरात तर नाहीच. एवढी गुपचूप आणि एवढ्या थोड्या दिवसांची मालवाहू विमानसेवा आपल्या मुलखाने दुसरी पाहिली नसेल.

विमानं होती लँकास्ट्रियन जातीची. युद्धातल्या लँकास्टर बॉम्बफेकी विमानाच्या तोफा काढून, नाकाडं गुळगुळीत करून ती बनवलेली. चार मर्लिन इंजिनं, म्हणजे आवाज केवढा असेल बघा! त्याच जातीचं ‘स्टार डस्ट’ नावाचं विमान २ ऑगस्ट १९४७ रोजी अँडीज पर्वतात अकरा माणसांसह नाहीसं झालं; हिमनदीने त्याचे अवशेष बाहेर टाकले ते १९९८ साली. कॉटनची विमानं बीदरकडे येत होती त्याच सुमारास रशियाने बर्लिनची वाट अडवली होती आणि तिथे लँकास्ट्रियन विमानं पेट्रोल वाहून नेत होती. तिकडे वेढ्यातल्या शहराला इंधन, इकडे आमच्या डोक्यावरून बंदुका.

डोक्यावरून, हे मी उगीच म्हणत नाही. एका रविवारी मी भिंतीवरचा जुना नकाशा उतरवला, कराचीवर आणि बीदरवर पट्टीची दोन टोकं टेकवली आणि रेघ ओढली. सरळ अंतर सुमारे साडेतेराशे किलोमीटर. रेघ काठेवाड ओलांडून, नाशिक-नगरच्या मुलखावरून खाली उतरली आणि थेट बीड जिल्ह्यात शिरली. वायव्येकडून आग्नेयेकडे. नाना म्हणाले होते तशीच.

नानांनी ऐकलं ते कॉटनचंच विमान, असं मी शपथेवर सांगणार नाही. गस्त चुकवायला हे लोक वाट वाकडी करीतही असतील. पण त्या रात्री भुंगा नव्हता एवढं मी आता मानतो. नाना विमान ऐकण्यात चुकले नाहीत, ते कुणाचं हे ओळखण्यात चुकले. ज्या विमानाच्या भरवशावर त्यांनी पोराला घरी बोलावलं, त्यात पोराच्याच छातीवर रोखल्या जाणाऱ्या बंदुका असतील, हे त्यांच्या मनात कसं यावं?

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून आणि इतर बाजूंनी आत शिरल्या, १७ तारखेला निजामाने माघार जाहीर केली. एवढ्या जोखमीने आणलेला दारूगोळा पाच दिवसही पुरला नाही, किंवा पुरण्याची वेळच आली नाही. कॉटनची कंपनी तिथेच संपली. पुढे लंडनच्या न्यायालयात त्याला दंड झाला तो दोनशे पौंड! १९६९मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी राल्फ बार्करने त्याच्या हकिगतींचं पुस्तक काढलं.

काका सुटून आले तेव्हा गावाने मिरवणूक काढली. अत्तारचाचांच्या घराला मात्र कुलूप होतं. त्या दिवसांत मराठवाड्यात सूड म्हणून ज्यांचा काही दोष नव्हता असे कितीतरी मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. चाचा आधीच रात्रीतून निघून गेले होते. जाताना किल्ली नानांकडे ठेवून गेले. ती देवळीत पडून असलेली मी लहानपणी पाहिली आहे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, बीडला रेल्वे सुरू झाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अण्णांना मी गाडी बघायला घेऊन गेलो. माणसांची ही गर्दी! घरी आल्यावर त्यांचा जीव हलका झालेला पाहून मी नकाशा पुढे ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, पट्टी मागून घेतली, स्वतः कराचीवर आणि बीदरवर टेकवली. मग पेन्सिलीने आमच्या गावाचा ठिपका दिला आणि रेघेपासून बोटाने अंतर मोजलं.

‘‘गाव जरा खाली राहतं,’’ मी म्हणालो.

‘‘राहू दे,’’ अण्णा म्हणाले, ‘‘रात्रीचा आवाज तेवढा येतोच की.’’