कुंडीतलं लिंबू: ऐकीव आणि खरं

कुंडीतलं लिंबाचं झाड किडीनं क्वचितच मरतं. बहुतेक वेळा ते पाण्यानं मरतं, आणि पाणी घालणारा माणूस त्या झाडाला जीव लावणाराच असतो. याचं मूळ एका समजात आहे: कुंडी म्हणजे जमिनीचाच छोटा तुकडा. जमिनीत जास्तीचं पाणी खाली मुरून जातं, मुळं पुढे सरकून ओल शोधतात, खोलवरची माती वैशाखातही गार राहते. कुंडीत यातलं काहीच होत नाही. लिंबाबद्दलचे ऐकीव सल्ले का फसतात, ते या फरकावरून बरंचसं कळतं.

सगळ्यात पक्का बसलेला सल्ला म्हणजे कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायचे, म्हणजे निचरा चांगला होतो. घडतं उलटंच. मातीतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. त्यामुळे खाली उतरणारं पाणी खडीच्या थराशी येऊन थबकतं आणि वरची माती चिंब झाल्यावरच पुढे सुटतं. ओला स्पंज खड्यांवर ठेवला तर त्यातलं पाणी खड्यांत उतरत नाही, तसंच हे. तळाशी राहिला असता तो चिखलाचा पट्टा त्या थरामुळे चार बोटं वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर माती अडवायला एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

निचरा मातीच्या अंगातच असावा लागतो. काळी माती शेतात कितीही सकस असो, कुंडीत ती भिजली की चिकटते आणि वाळली की आवळून कडेनं भेग सोडते. मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट भोकावाटे बाहेर येतं. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आत गोळा कोरडाच असतो. तांबडी माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि धुऊन घेतलेलं कोकोपीट किंवा जाडसर वाळू असं मिश्रण लिंबाला मानवतं. कोकोपीट धुवायचं ते त्यातला क्षार निघून जावा म्हणून.

रोज सकाळी तांब्याभर पाणी, हा नेमही चुकीचा. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. कोरडं लागलं तरच पाणी घालावं आणि ते भोकातून वाहीपर्यंत घालावं. मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीला हे रोज करावं लागेल, जुलैत कदाचित आठवडाभर नाही. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाकावं.

आता पिवळ्या पानांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त उतावीळ उपाय इथेच होतात. पान पिवळं म्हणजे झाड तहानलेलं, असं धरून लोक पाणी वाढवतात. प्रत्यक्षात पान कुठलं आणि कसं पिवळं झालंय, हे नीट बघितलं तर झाड बरंच सांगतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, असं असेल तर मुळांना लोह मिळत नाही. मातीत लोह असूनही असं होतं: बोअरवेलचं जड पाणी वर्षभर घातलं की माती अल्कधर्मी होते आणि लोह अडकून पडतं. माती सतत ओली राहून मुळं गुदमरली तरी हीच खूण दिसते. म्हणजे जास्त पाणी घालणारा माणूस रोग वाढवतोय आणि त्याला तो उपचार वाटतोय. जुन्या पानांवर देठाकडचा भाग त्रिकोणासारखा हिरवा राहून बाकीचं पान पिवळं पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे; एप्सम सॉल्टचा उपयोग होतो तो इथेच, प्रत्येक पिवळ्या पानावर नव्हे. जुनी पानं सबंधच फिकट होत असतील तर नत्र हवं. लोहासाठी आधी पाणी आवरावं, पावसाचं पाणी मिळेल तेव्हा तेच द्यावं आणि चिलेटेड लोहाची हलकी फवारणी करावी.

लिंबू आंबट म्हणून मातीत ताक ओतायचं किंवा पिळलेल्या साली पुरायच्या, हे करू नये. फळातलं आम्ल पानांनी बनवलेल्या साखरेपासून फळातच तयार होतं, मातीतून वर चढत नाही. ताकानं कुंडीला वास आणि मुंग्या मात्र येतात.

‘ड्वार्फ लिंबू’ ही काही वेगळी जात नाही. परदेशी व्हिडिओंत दिसतं ते पुष्कळदा मेयर लिंबू असतं. फ्रँक मेयर यांनी ते 1908 मध्ये चीनमधून अमेरिकेत नेलं, आणि तिथे झाड बुटकं राहावं म्हणून फ्लाइंग ड्रॅगनसारख्या खुंटावर कलम बांधतात. आपल्याकडे गच्चीसाठी कागदी लिंबू उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई शरबती किंवा फुले शरबती मिळाली तर घ्यावी. गुटी कलम असेल तर फळ लवकर धरतं. झाड बुटकं राहतं ते कुंडीमुळे आणि छाटणीमुळे. सुरुवातीला 12 इंची कुंडी, मुळांनी ती भरली की 16 ते 18 इंची. एकदम ड्रममध्ये लावलं तर रोपाच्या भोवतालची माती दिवसेंदिवस ओलीच राहते. हिवाळ्यात कुंडी घरात आणायचा त्या व्हिडिओंमधला सल्ला बर्फ पडणाऱ्या गावांचा आहे. पुण्या-नागपुरात झाडाला थंडीपेक्षा घरातला अंधार जास्त जाचतो. सहा तास तरी थेट ऊन हवंच.

बीपासूनच्या झाडाला लिंबं येत नाहीत, हेही खोटं, आणि याचं कारण मला फार सुंदर वाटतं. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर फुटतात. त्यातला एखादाच परागीभवनातून आलेला असतो. बाकीचे आईच्याच पेशींपासून बनतात, म्हणून थेट आईसारखे निघतात. संत्रावर्गीय बीतले हे अनेक गर्भ सूक्ष्मदर्शकाचे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी 1719 मध्येच पाहिले होते. त्यामुळेच कागदी लिंबाच्या कितीतरी बागा रोपांपासून उभ्या राहिल्या. किंमत मोजावी लागते ती वेळेची: चार-पाच वर्षं, कुंडीत कधी त्याहूनही जास्त, आणि काटे भरपूर.

फुलं गळतात म्हणून ब्रशनं परागीभवन करत बसायची गरज नाही. लिंबाचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं, आणि बहुतेक फुलं गळणं हा झाडाचा स्वभावच आहे. बहार धरायला बागायतदार पाणी तोडून ताण देतात. ते ऐकून कुंडीचं पाणी आठवडेच्या आठवडे तोडू नये. जमिनीत ताण हळूहळू बसतो, कुंडी दोन-चार दिवसांत खडखडीत होते आणि फुलांऐवजी पानंच झडतात.

पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं तर काडीनं हलवून पाहावं. नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि लहान झाड एका आठवड्यात ओरबाडून टाकते. फवारणीची गरज नाही, अळ्या हातानं वेचाव्यात; कढीपत्त्याचं मोठं झाड असेल तर तिकडे सोडाव्यात, त्यांना तोही चालतो.

पिवळं वलय असलेले खरखरीत तपकिरी ठिपके म्हणजे खैऱ्या. तो जिवाणूमुळे होतो, पावसाच्या शिंतोड्यांतून आणि नागअळीच्या जखमांतून पसरतो. म्हणून बुरशीनाशक म्हणून मिळेल ते मारून भागत नाही. कोरड्या दिवशी त्या फांद्या छाटून नष्ट कराव्यात आणि ताम्रयुक्त औषध किंवा बोर्डो मिश्रण फवारावं. सालीवर ठिपके असलेली लिंबं लोक फेकून देतात, तसं करायचं कारण नाही. रोग सालीपुरताच असतो, रस सरबताला बिनदिक्कत वापरावा.