खेळ की उपजीविका?

२०१७ साली बंगळूर येथे आशिया चषकाच्या 'ब' गटातील अंतिम सामन्यात भारतीय महिला बास्केटबॉल संघाने कझाकस्तानला ७५-७३ असे नमविले. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिने भारताचे कर्णधारपदही भूषविले. परंतु केवळ खेळून चरितार्थ चालतो काय? ऑस्ट्रेलियात १९८१ पासून स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा चालू आहे; तेथे क्लब खेळाडूंशी करार करतात. आपल्याकडे मुख्य आधार रेल्वेसारख्या नोकरीचा. दक्षिण रेल्वेची गीथू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियातील रिंगवूड क्लबकडून खेळली, म्हणजे गुणांची उणीव नाही. उणीव आहे ती नियमित स्पर्धांची व मानधनाची. परभणीच्या मैदानावरील मुलीला "खेळून पुढे काय?" असे विचारण्यापूर्वी आपण एवढे ध्यानी घ्यावे.