घर जर्मनीतलं (भाग ६) : खिडक्यांसाठी अनुदान, पण सही जपून

ऑक्टोबर लागला, की श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टच्या आसपास जुनं घर विकत घेतलेल्या मराठी कुटुंबांत एक विषय हमखास निघतो : खिडक्या. हीटर कितीही वाढवला तरी खिडकीजवळ बसवत नाही, सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, ‘सरकार पैसे देतं, बदलून टाका.’ सरकार देतं, हे खरं. पण आधी कोटेशन, मग बिनशर्त सही, मग सावकाश अर्ज, या आपल्या नेहमीच्या क्रमाने गेलात तर ते अनुदान हातचं जातं. हे टाळता येतं, म्हणूनच आजचा भाग.

पहिल्यांदा खिडकी किती जुनी आहे ते बघा. दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची बारीक पट्टी असते, तिच्यावर बरेचदा साल छापलेलं असतं. १९९५ च्या आधीचं साल असेल, तर काचेवर उष्णता परतवणारा लेप बहुधा नाही. साल दिसत नसेल तर अंधार पडल्यावर पडदा बाजूला बांधून काचेसमोर लायटर धरा. दोन काचांत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. त्यांतलं एक वेगळ्या, जरा तांबूस रंगाचं असेल तर लेप आहे. चारही सारखी दिसली तर काच जुन्या पद्धतीची, आणि तिच्यातून आधुनिक काचेच्या दुपटीहून जास्त उष्णता बाहेर जाते.

आता अनेकांची निराशा करणारी गोष्ट. नवी खिडकी दोन काचांची घेतलीत तर सहसा अनुदान मिळत नाही. खिडकीतून किती उष्णता निसटते हे यू-व्हॅल्यू सांगते. आकडा जितका लहान, तितकी खिडकी चांगली. अनुदानासाठी चौकटीसकट अख्ख्या खिडकीची यू-व्हॅल्यू ०.९५ किंवा त्याहून कमी लागते, आणि तिथवर साधारणपणे तीन काचांचीच खिडकी पोचते. वारसा म्हणून जपलेल्या इमारतींना १.४ पर्यंत सवलत आहे. मूळ चौकट चांगली असेल आणि तिच्यात फक्त काच नवी बसवायची असेल, तर १.३ चालते. लाकडी चौकटी धडधाकट असतील तर हा पर्याय आधी विचारात घ्या. चांगलं लाकूड फेकून प्लास्टिक बसवण्याची घाई मला पटत नाही.

मदतीचे रस्ते दोन. एका कामासाठी त्यांतला एकच घेता येतो.

पहिला बाफाचा. हे केंद्रीय कार्यालय फ्रँकफर्टजवळ एशबोर्नला आहे. ते खर्चाच्या १५ टक्के देतं. तुमच्या घराचा टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्याचा अधिकृत आराखडा, म्हणजे आयएसएफपी, तयार असेल तर आणखी ५ टक्के. नोंदणीकृत ऊर्जा सल्लागार इथे अनिवार्य आहे. तो कामाचं तांत्रिक वर्णन तयार करतो, त्यानंतरच अर्ज होतो. २०२४ पासूनची मेख अशी, की अर्जाच्या वेळी कंत्राटदाराशी करार झालेला लागतो, पण त्या करारात ‘अनुदान मंजूर झालं तरच हा करार लागू’ अशा अर्थाचं कलम हवं. हे कलम नसलेल्या कागदावर सही केलीत, की काम सुरू झालं असं धरलं जातं आणि अर्जाचा रस्ता बंद. कंत्राटदार ‘सही करून टाका, बाकी नंतर बघू’ म्हणाला, तर पेन खाली ठेवा आणि कलम मागा. बहुतेकांकडे त्याचा मजकूर तयार असतो.

दुसरा रस्ता आयकराचा. घर दहा वर्षांहून जुनं आणि तुम्ही स्वतः तिथे राहत असाल, तर खर्चाच्या २० टक्के रक्कम तीन वर्षांत थेट करातून वजा होते : ७, ७ आणि ६ टक्के. आधी अर्ज नाही, सल्लागाराची सक्ती नाही. काम करणाऱ्याकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं आणि बिल बँकेतूनच भरायचं, रोखीने नाही.

१८,००० युरोंच्या कामावर बाफाकडून २,७०० मिळतील, आराखडा असेल तर ३,६००. करातूनही ३,६००, पण हप्त्यांनी. पगार नियमित असेल आणि फक्त खिडक्याच करायच्या असतील, तर मी करवजावटीकडे झुकेन. मात्र एका वर्षी कर कमी बसला, तर उरलेली वजावट पुढच्या वर्षी नेता येत नाही. घर भाड्याने दिलंत तरी राहिलेले हप्ते बुडतात. दोनेक वर्षांत पुण्याला परतायचं मनात असेल, तर बाफाच बरा.

भिंतीचंही बघा. जुनी गळकी खिडकी जाऊन घट्ट बसणारी आली, की घरातली दमट हवा बाहेर पडत नाही. आता सगळ्यात थंड जागा खिडकीची काच नसून भिंतीचा कोपरा असतो, आणि बुरशी तिथे, कपाटामागे धरते. एकतृतीयांशाहून जास्त खिडक्या बदलत असाल तर हवा खेळती कशी राहील, याचा लेखी विचार नियमानेच करावा लागतो. सल्लागाराला त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा.

फ्लॅटवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या सोसायटीत खिडकी ज्याची त्याची, असं आपण धरून चालतो. जर्मनीत ती सामाईक मालमत्ता असते. मालकांच्या सभेत ठराव झाल्याशिवाय हात लावता येत नाही.

आणि भाडेकरूंनो, हा विषय तुमचाही आहे. घरमालकाने खिडक्या बदलल्या, तर सुधारणेच्या खर्चाच्या ८ टक्क्यांपर्यंत रक्कम तो वार्षिक भाड्यात वाढवू शकतो. पण त्याला मिळालेलं अनुदान त्या खर्चातून वजा करावं लागतं, आणि नाहीतरी करावीच लागली असती त्या दुरुस्तीचा भागही. भाडेवाढीचं पत्र आलं, की हे दोन आकडे त्यात आहेत का ते तपासा. नसतील तर लेखी विचारा, आणि समाधान झालं नाही तर गावातल्या भाडेकरू संघाकडे ते पत्र घेऊन जा.