समुद्राच्या पिल्लांना कमी खारट पाणी

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही शहरे समुद्रापासून फार दूर नाहीत. तरी येथील माणसाचा समुद्री माशाशी संबंध बहुधा बाजारापुरताच येतो. शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी कारखान्यातील कंत्राटी कामाला जोड म्हणून मत्स्यपालनाची चौकशी आमच्याकडे करतात. समुद्री माशांची पिल्ले घरातील टाकीत, कमी खारट पाण्यात वाढवता येतात काय, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. येतात. परंतु कोणता मासा, कोणत्या वयात आणि किती क्षारतेत, हे ठाऊक नसेल तर घरची बचत पाण्यात जाते. म्हणून हे विवेचन.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. समुद्रातील माशाची अवस्था काहीशी त्या फोडीसारखी असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण मात्र त्याच्या सुमारे एक तृतीयांश. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकतो. या कामात शक्ती खर्च होते. टाकीची क्षारता दर लिटरला १० ते १२ ग्रॅमच्या आसपास आणली की आतले आणि बाहेरचे प्रमाण जवळजवळ समान होते व हा खर्च कमी होतो. अनेक जातींची पिल्ले अशा मधल्या क्षारतेत चांगली वाढतात. शिवाय पाण्यात मीठ कमी असेल तर प्राणवायू अधिक विरघळतो, आणि समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी इतक्या कमी क्षारतेत तग धरत नाही.

हा नियम सर्वांना सारखा लागू नाही. प्रवाळांत राहणारे शोभेचे मासे कायम अशा पाण्यात ठेवणे योग्य नव्हे. नदीमुखाशी आणि खाडीत वाढणाऱ्या जातींचाच येथे विचार करावा, आणि त्यांत आपल्याकडील पहिला मान जिताड्याचा. उल्हासनगरातील वडीलधाऱ्या सिंधी मंडळींना समुद्रातून सिंधू नदीत चढणारा पल्ला आठवतो. तो अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. जिताडा त्याच्या उलट, खाडीत व गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला नदीमुखाच्या खाऱ्या पाण्याकडे जातो. अलिबाग-पेण भागात खाडीतील पिल्ले आणून गावच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. बंदिस्त जागेत त्याचे प्रजनन आपल्या देशात प्रथम १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने यशस्वी केले. तेव्हापासून बीजासाठी खाडीवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही.

अंड्यांना मात्र समुद्रासारखेच, सुमारे ३० ग्रॅम क्षारतेचे पाणी लागते. नवजात पिल्लांना रोटिफर व नंतर आर्टेमिया हे सूक्ष्म जिवंत खाद्य द्यावे लागते. हे काम बीजोत्पादन केंद्राचे. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. कोरडे खाद्य खाऊ लागलेली पिल्ले विश्वसनीय केंद्रातून आणून बोटुकलीएवढी करणे, एवढाच टप्पा घरच्या टाकीचा. केंद्रातील पाण्याची क्षारता विचारून टाकी प्रथम तेवढीच ठेवावी व पुढे रोज दोन-तीन ग्रॅमने उतरवावी.

हजार लिटर पाणी पूर्ण समुद्रासारखे करायला ३५ किलो क्षारमिश्रण लागते, १२ ग्रॅमला १२ किलो. रोज दहावा हिस्सा पाणी बदलले तरी रोजचे १ किलो २०० ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ त्याजागी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियमखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम असते आणि पिल्लांना तेही हवे असते.

पाणी कोणते घ्यावे, याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. वालधुनीच्या काठच्या व औद्योगिक वसाहतीजवळच्या कूपनलिकांचे पाणी तपासणीशिवाय वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळते. ते निदान एक दिवस हवेच्या पंपाखाली ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटने मारावे.

कमी क्षारतेचे तोटेही आहेत, आणि विक्रेते ते सांगत नाहीत. मीठ कमी केले की पाण्याची आम्लता आवरण्याची शक्ती घटते. माशांच्या विष्ठेतील अमोनिया पचवणारे जिवाणू ती शक्ती आणखी खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम क्षारीयता खर्च होते. ती खाण्याच्या सोड्याने वेळोवेळी भरावी लागते. नायट्राइटच्या विषारी परिणामापासून मिठातील क्लोराइड माशाला वाचवते. मीठ घटले की तेही संरक्षण घटते. म्हणून गाळणी आधी चार ते सहा आठवडे चालवून त्यात जिवाणू वाढू द्यावेत, मगच पिल्ले आणावीत. या प्रतीक्षेला कंटाळणाऱ्याने हा उद्योग करू नये.

जिताडा स्वजातिभक्षक आहे. आपल्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचा भाऊ तो सहज गिळतो. दर चार-पाच दिवसांनी आकारानुसार पिल्ले वेगळी न केल्यास टाकीत थोडीच पण गलेलठ्ठ पिल्ले उरतात. बदलापूरच्या डिसेंबर-जानेवारीतील रात्री मुंबईपेक्षा पुष्कळ थंड. पाणी २० अंशांखाली गेले की जिताडा खाणे जवळजवळ सोडतो. बंद खोलीचा खरा लाभ येथे दिसतो. वीज गेल्यावर हवेचा पंप चालेल अशी सोय हवीच, भरलेल्या टाकीत तासाभराचा खंडही घातक ठरू शकतो.

बोटुकल्या तयार झाल्या की क्षारता शून्यापर्यंत उतरवता येते, आणि मग त्या शेततळ्यात सोडण्याजोग्या होतात. मात्र रोहू-कटल्याच्या लहान पिल्लांसोबत नव्हे. पहिल्या वर्षी एकच टाकी ठेवावी, कर्ज काढू नये, आणि ग्राहक कोण हे पिल्ले आणण्यापूर्वी ठरवावे. बदललेले खारट पाणी परसातील झाडांना किंवा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ ओतू नये. महिन्याला ३६ किलो क्षार एकाच जागी मुरले तर ती माती नापीक होते. ते पाणी कोठे सोडावे, हे नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागाला विचारूनच ठरवावे.